सगळा खेळ टायमिंगचा!

गाडीचा हप्ता पाच तारखेला जातो, इन्शुरन्स ऑगस्टमध्ये संपतो, पीयूसीचं रिमाइंडर मोबाइलमध्ये लावलेलं असतं. आपल्याला वाटतं, गाडीबद्दलचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. मग गॅरेजमधले चाचा एक साधा प्रश्न विचारतात आणि आपली विकेट पडते...

‘ताई, टायमिंग बेल्ट कधी बदलला होता?’

एप्रिलमधली दुपार. जळगावात अजिंठा चौफुलीजवळच्या एका गॅरेजमध्ये मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून घाम पुसत होते. गाडीचा एसी नीट गार करत नाही एवढीच माझी तक्रार. चाचांनी बोनेट उघडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि एसीबद्दल एक अक्षर न काढता हा प्रश्न टाकला.

‘तो सकाळी स्टार्ट करताना किंचाळतो तो?’

‘तो फॅन बेल्ट. मी टायमिंग बेल्ट विचारतोय.’

खरं सांगू? टायमिंग या शब्दाशी माझा संबंध डेडलाइनपुरता, आणि तोही जरा ताणलेलाच. गाडी घेऊन मला सहाच महिने झाले होते. आठ वर्षं जुनी डिझेल हॅचबॅक, मीटरवर बहात्तर हजार. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण पुढे जे काही झालं त्यात दोष गाडीचा नव्हताच. जुन्या गाड्यांच्या ज्या डीलरकडून घेतली त्याने सीट कव्हर नवीन घालून दिलं होतं, डॅशबोर्ड चकाचक पॉलिश केला होता, वर एक गणपतीची मूर्ती फ्री. बेल्टबद्दल मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. विषय संपला!

पण चाचांचा विषय संपला नव्हता. ‘बदलल्याचा कागद असेल तर बघा. नसेल तर बदलून टाका. मी आग्रह करत नाही, पण लांब जाऊ नका.’

आणि मला तर लांबच जायचं होतं. माझं काम जळगावात, आई-पप्पा धुळ्याला देवपुरात. दर शनिवारी एरंडोल, पारोळा करत मी घरी पोचते, रविवारी रात्री परत. त्यात पप्पांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून दर तीन महिन्यांनी नाशिकला तपासणी. पुढची तारीख मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली. म्हणजे भर उन्हात धुळे, मालेगाव, राहूड घाट, चांदवड, नाशिक. मागच्या सीटवर पप्पा आणि त्यांच्या फायली, स्टिअरिंगवर मी.

एक बाथरूम, पाच मुली

आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ. घाबरू नका, मीही मास कॉमची विद्यार्थिनी आहे, इंजिनीअर नाही.

पुण्यात शिकत असताना आम्ही पाच जणी एका फ्लॅटमध्ये राहायचो. बाथरूम एक. सकाळी साडेसहा ते आठ या वेळात पाच जणींच्या आंघोळी उरकायच्या तर दारावर टाइमटेबल चिकटवणं भाग होतं. सहा चाळीसवाली सहा चाळीसलाच आत, सहा पन्नासला बाहेर. टाइमटेबल पाळलं गेलं की सगळं सुरळीत. एकीचा अलार्म वाजला नाही की दाराशी महाभारत.

इंजिनातही तसंच आहे. सिलिंडरच्या आत एक छोटीशी जागा, आणि ती दोघांना वापरायची आहे. खालून पिस्टन वर येतो. वरून व्हॉल्व्ह खाली उघडतात. हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर टाकायला. दोघांनी एकाच वेळी तिथे यायचं नाही. खाली पिस्टनच्या जोरावर फिरतो तो क्रँकशाफ्ट, वर व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो तो कॅमशाफ्ट, आणि या दोघांना एका लयीत बांधून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे आपला टायमिंग बेल्ट. खालचा दोनदा फिरला की वरचा बरोबर एकदा. ना कमी ना जास्त. दारावरचं टाइमटेबलच म्हणा ना!

फरक एवढाच, की आमचं टाइमटेबल दिवसातून एकदा पाळायचं होतं. इंजिन दोन हजार आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला हजार वेळा उघडतो. जळगाव ते धुळे दोन तासांचा रस्ता धरला तर एका बाजूच्या प्रवासात एक लाख वीस हजार वेळा. आणि हे सगळं करतो कोण, तर आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या घातलेला रबराचा पट्टा. तोही प्लास्टिकच्या कव्हरमागे. आपल्याला दिसतसुद्धा नाही.

तो पट्टा तुटला, किंवा त्याचे दोन-चार दात झडले, की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो. जे व्हॉल्व्ह उघडे आहेत ते उघडेच राहतात. गाडी मात्र वेगात असते, गिअरमध्ये असते, त्यामुळे खालचे पिस्टन आणखी काही फेरे मारतातच. मग बाथरूममध्ये एकाच वेळी दोघी. ज्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची जागा एकमेकांवर येते त्याला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात, आणि आजच्या डिझेल गाड्या जवळपास सगळ्या याच जातीच्या. डिझेलमध्ये हवा इतकी घट्ट दाबायची असते, की वर मोकळी जागा ठेवायला वावच नसतो.

मुकटीजवळची दुपार

हे सगळं मला माझ्या मावसभावामुळे नीट कळलं. तो भुसावळला बँकेत आहे. त्याचीही डिझेल गाडी, तीही सेकंडहँड. चाचांच्या प्रश्नानंतर सहज त्याला फोन केला, तर तो गप्पच झाला. मग म्हणाला, ‘तुला सांगितलं नव्हतं मी? मागच्या मे महिन्यात मुकटीजवळ माझा तुटला.’

धुळ्याहून परत येताना, फागणे सोडून मुकटीच्या अलीकडे, एका ट्रकला ओव्हरटेक करून तो नुकताच आपल्या लेनमध्ये आला होता. मला वाटलं, मोठा आवाज वगैरे झाला असेल. ‘छे गं! काहीच नाही. नुसता एक टक् असा आवाज आणि इंजिन मेलं. गाणी चालू, एसीची हवा चालू, आणि गाडी आपली शांतपणे पळतेय.’

पुढचं मात्र तो जरा हळू आवाजात सांगत होता. स्टिअरिंग एकदम जड झालं. ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा अर्धवट, तिसऱ्यांदा पॅडल दगडासारखं. (इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत बंद होते. साठलेली मदत एक-दोन दाबांपुरतीच पुरते. त्यामुळे अशा वेळी ब्रेक पंप करत बसू नये, एकदाच जोर लावून दाबून गाडी कडेला घ्यावी. हे मलाही तेव्हाच कळलं.) ओव्हरटेक अर्धा झालेला असताना हे घडलं असतं तर? तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.

नंतर त्याने जे केलं ते आपण सगळेच करतो. चावी फिरवली. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, खुळखुळ फिरला. पुन्हा फिरवली. पुन्हा. आठ-दहा वेळा! मेकॅनिकने नंतर त्याला हात जोडून सांगितलं, की साहेब, बेल्ट गेल्याची शंका आली तर चावीला हात लावायचा नाही, कारण प्रत्येक सेल्फमागे पिस्टन पुन्हा त्या व्हॉल्व्हला धडकू शकतो. हेड उतरवलं. आठही व्हॉल्व्ह वाकलेले. हेडचं काम, व्हॉल्व्ह, गॅस्केट, बेल्टचा पूर्ण सेट, टोइंग, मजुरी मिळून बेचाळीस हजारांच्या आसपास, आणि सोळा दिवस गाडी गॅरेजमध्ये. दोन व्हॉल्व्ह त्याने आठवण म्हणून ठेवलेत. फोटो पाठवला मला. लग्नातल्या बुफेत वाकलेला काटा-चमचा असतो ना, तसे दिसतात.

आणि बदलून घेतला असता तर? ‘सात-आठ हजार,’ तो म्हणाला. ‘दिवाळीनंतर करू, दिवाळीनंतर करू म्हणत होतो.’

‘चालू शे ना गाडी?’

शनिवारी जेवताना मी हा विषय काढला. चूकच झाली. पप्पा एसटीच्या धुळ्याच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं होते. गाड्यांबद्दल आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. कळण्याची भाकरी मोडत त्यांनी मला अहिराणीतच सुनावलं, ‘चालू शे ना गाडी? मंग कसाले उघाडस?’

‘पण पप्पा, तो तुटला तर...’

‘एकतीस वर्षांत मी एक टायमिंग बेल्ट बदललेला नाही.’

हे शंभर टक्के खरं होतं. पण का खरं होतं ते मला नंतर कळलं. एसटीच्या लेलँड किंवा टाटाच्या इंजिनांना हा बेल्टच नसतो! मोठ्या डिझेल इंजिनांत क्रँक आणि कॅम लोखंडी गिअरने जोडलेले असतात. ते इंजिनाबरोबर म्हातारे होतात. आणि पप्पांच्या पिढीने रस्त्यावर ज्या दोन गाड्या पाहिल्या, अँबेसेडर आणि प्रीमिअर पद्मिनी, त्यांत चेन. चेन सैल झाली की खडखड वाजते, आधी ओरडून सांगते, मग माणूस गॅरेजला जातो. आवाज येत नाही तोवर हात लावायचा नाही हा त्यांचा नियम त्या इंजिनांसाठी अगदी बरोबर होता.

रबरी बेल्टची कल्पना मुळात जर्मनीतली. बव्हेरियात डिंगोल्फिंग नावाच्या गावी ग्लास नावाची एक कंपनी होती. आधी पेरणीयंत्रं बनवायची, मग चिमुकल्या गाड्यांकडे वळली. १९६२ मध्ये तिने ग्लास १००४ ही गाडी बाजारात आणली, आणि दातेरी रबरी टायमिंग बेल्ट पहिल्यांदा कारखान्यातून भरपूर संख्येने बाहेर पडला. स्वस्त, हलका, आवाज नाही, तेल पाजायला नको. बाकीच्या कंपन्यांनी लगेच उचलला. आपल्याकडे तो घराघरांत पोचवला मारुती ८०० ने, १४ डिसेंबर १९८३ पासून. म्हणजे आपल्या आई-वडिलांनी गाडी बदलली, पण सवय चेनच्या जमान्यातलीच राहिली. बेल्ट कुरकुरत नाही. शेवटच्या किलोमीटरपर्यंत तो गुणी मुलासारखा गप्प असतो. आणि आपण समजतो, सगळं ठीक आहे.

बिलावरचा ‘बेल्ट’

आता आमच्या गाडीचा तपास. डीलरला फोन केला तर तो म्हणाला, ‘मॅडम, चेन आहे हो त्याला!’ गाडीचं मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्ये होतं, त्यात सरळ टायमिंग बेल्ट असं लिहिलेलं. पहिला धडा. तोंडी सांगण्यावर जायचं नाही, मॅन्युअल उघडायचं. कारण एकाच कंपनीच्या, कधीकधी एकाच नावाच्या दोन गाड्यांतही फरक असतो. स्विफ्ट-डिझायरच्या १.३ लिटर डिझेलला चेन. इनोव्हाच्या जुन्या अडीच लिटर डिझेलला बेल्ट, नंतरच्या क्रिस्टाच्या २.४ लिटरला चेन. जुनी सँट्रो, इंडिका डिझेल, दीड लिटर डिझेलवाली डस्टर, फिगो डिझेल या सगळ्या बेल्टवाल्या. आपल्याकडे अजूनही यातल्या कितीतरी धावताहेत, आणि बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात. माझ्यासारख्यांच्या.

फाइलमध्ये एक बिल सापडलं! तीन वर्षांपूर्वीचं. त्यात इतर सतरा गोष्टींबरोबर एक ओळ होती, ‘बेल्ट बदलला’. मी नाचायचीच बाकी होते. चाचांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन. ‘किंमत बघा.’ सहाशे चाळीस रुपये. ‘मजुरी?’ दीडशे. ‘ताई, दीडशेत टायमिंगचं कव्हरसुद्धा कोणी उघडणार नाही. तो फॅन बेल्ट.’

हा घोळ फार कॉमन आहे म्हणे. बाहेरून दिसणारा, अल्टरनेटर वगैरे फिरवणारा बेल्ट वेगळा, आतला टायमिंगचा वेगळा. विकणारा माणूस खोटं बोलतोच असं नाही, त्यालाही माहीत नसतं. आधीच्या मालकांचा नंबर मिळवून विचारलं तर तेही अगदी मनापासून म्हणाले, ‘हो हो, बेल्ट बदललाय मी.’ म्हणून बिलावर शब्द न पाहता टेन्शनर, पुली, वॉटर पंप यांपैकी काही लिहिलंय का आणि मजुरी किती लावलीय ते पाहायचं. टायमिंगचं काम अर्ध्या दिवसाचं, त्याची मजुरी दीडशे असूच शकत नाही.

मग राहिला मीटरचा आकडा. बहात्तर हजार. मॅन्युअलमध्ये एक लाख. म्हणजे अजून अठ्ठावीस हजार हातात? पप्पांनी हाच मुद्दा उचलला. पण मॅन्युअलमधल्या त्या ओळीत पुढे ‘किंवा’ होतं, आणि ‘किंवा’नंतर वर्षं होती. जे आधी येईल ते. माझ्या गाडीची ती वर्षं केव्हाच उलटून गेली होती.

हे ‘किंवा’ आपण कोणीच वाचत नाही. रबर किलोमीटरने झिजतं तसंच नुसत्या वयानेही कडक होतं, आणि उष्णतेने आणखी लवकर. आता जळगाव-धुळ्याचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस, डांबर त्याहून तापलेलं, बोनेटच्या आत तर भट्टीच. बहुतेक मॅन्युअलमध्ये धूळ, कडक ऊन, रांगेत उभं राहून चालणं यांना अवघड वापर म्हणतात आणि सर्व्हिस लवकर करा असं सांगतात. आपल्याकडे याला अवघड वापर कोणी म्हणत नाही. मे महिना म्हणतात!

आणखी एक गंमत. इंजिन सुरू ठेवून तासभर एसीत बसलं तर मीटर एक किलोमीटरही पुढे जात नाही. पण आठशे आरपीएमने इंजिनाचे अठ्ठेचाळीस हजार फेरे होतात. हायवेवर ऐंशीच्या स्पीडने बत्तीस किलोमीटर जावं, जवळपास तेवढे. मी काव्यरत्नावली चौकात झाडाखाली गाडी लावून, एसी सुरू ठेवून किती फोन इंटरव्ह्यू घेतलेत ते माझं मलाच माहीत. शिवाय बहात्तर हजार हा आकडा तरी खरा कशावरून? ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंग एका बाजूला चकाकलेलं. डीलरने सीट कव्हर बदललं, पॅडल बदलायला विसरला.

थोडक्यात, माझ्याकडे बेल्टचं वय नव्हतं, किलोमीटरचा भरवसा नव्हता, आणि बदलल्याचा पुरावा तर नव्हताच. अशा वेळी चाचांचं गणित सरळ होतं. ‘माहीत नाही म्हणजे बदललेला नाही. ज्या दिवशी जुनी गाडी घेतली त्या दिवशी शून्यापासून मोजायला लागायचं.’ गाडी घेतानाच किमतीतून हे सात-आठ हजार कमी करून मागायला हवे होते, हे मला सहा महिने उशिरा सुचलं. तुम्ही नका उशीर करू.

उघडून बघून ठरवता येत नाही का? मीही विचारलं. जुन्या पद्धतीच्या बेल्टला भेगा पडायच्या, कडा उसवायच्या, त्या दिसायच्या. आताचं रबर चांगलं आलंय, त्यामुळे बाहेरून छान दिसणारा बेल्टही आतून थकलेला असू शकतो. कव्हरपाशी तेल किंवा कूलंटचा ओघळ दिसला, टेन्शनरची गुणगुण ऐकू आली तर तो शहाण्याला इशारा. पण इशारा आला नाही म्हणजे सगळं आलबेल, असं समजायचं नाही. जुन्या अडीच लिटर इनोव्हामध्ये ‘टी-बेल्ट’ असा दिवाच असतो, ठरलेले किलोमीटर झाले की लागणारा. पण तो फक्त किलोमीटर मोजतो, बेल्ट पाहत नाही. आणि बेल्ट न बदलता कोणी नुसता दिवा रिसेट केला तर? जुनी टॅक्सी घेणाऱ्यांनी विचार करावा.

(जाता जाता. काही नव्या छोट्या टर्बो इंजिनांत कंपन्यांनी बेल्ट चक्क तेलात बुडवला. २०१३ मध्ये आलेल्या इकोस्पोर्टच्या एक लिटर पेट्रोलमध्ये तो तसाच होता. त्याच इंजिनातल्या ऑइल पंपाच्या बेल्टच्या भानगडीवरून अमेरिकेत २०२३ मध्ये गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अशा गाडीत सांगितलेल्या ग्रेडचंच तेल आणि तेही वेळेवर, यात तडजोड नाही. आणि चेनवाल्यांनीही फार खूश होऊ नये. तेल बदलायला आळस केला की चेनही सैल होते. आणि इलेक्ट्रिकवाले, तुम्हाला यातलं काहीच नाही, हसा!)

पप्पा गॅरेजमध्ये

शेवटी काम धुळ्याला पारोळा रोडवरच्या एका गॅरेजमध्ये केलं, कारण पप्पांनी अट घातली, ‘करायचंच असेल तर माझ्यासमोर.’ सकाळी नऊला ते इस्त्रीचा शर्ट घालून हजर. डॉक्टरांनी उन्हात फिरायला बंदी केली आहे हे आईने दोनदा आठवण करून दिलं, त्यांनी दोनदा ऐकलं नाही.

पूर्ण सेट मी जळगावहूनच चाचांच्या सांगण्यावरून ओळखीच्या स्पेअरच्या दुकानातून आणला होता. बेल्ट, टेन्शनर, पुली, वॉटर पंप, सील. नुसता बेल्ट बदलून तीन हजार वाचवण्याचा मोह होतो, पण माझ्या गाडीत वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. तो पंप किंवा टेन्शनरचं बेअरिंग वर्षभराने जाम झालं तर नवा बेल्टही त्याच्याबरोबर जाणार, आणि मजुरी पुन्हा पहिल्यापासून. बेल्ट बॉक्समध्ये गोल होता, तसाच ठेवायचा. घडी घातली, मुरगळला, रबरबँड लावून पिशवीत कोंबला की आतल्या काचेच्या दोऱ्या मोडतात. कोणी असा घडी घातलेला स्वस्तातला बेल्ट दाखवला तर दुकान बदला.

मेकॅनिक पंचविशीतला पोरगा होता. पप्पा स्टुलावर बसून त्याच्याकडे असे बघत होते, जणू परीक्षकच. त्याने चाक काढलं, इंजिनाला खालून आधार दिला, कव्हर उघडलं, वरच्या-खालच्या पुलीवरच्या खुणा जुळवल्या, पिन घालून दोन्ही लॉक केल्या. पप्पा पुढे सरकले. नवा बेल्ट चढवून झाल्यावर त्याने लगेच चावी फिरवली नाही. पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं आणि खुणा पुन्हा जुळल्या की नाही ते पाहिलं. कुठे अडत असेल तर हाताला कळतं. चावीने फिरवलं तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

‘बरोबर,’ पप्पा म्हणाले. इतक्या वेळातला त्यांचा हा पहिला शब्द.

जुना बेल्ट मी हातात घेतला आणि माझा चेहराच पडला. काही म्हणजे काहीच झालेलं नव्हतं त्याला! भेग नाही, दात शाबूत, कडा सरळ. सात हजार आठशे रुपये गेले होते, आणि मी पप्पांच्या टोमण्याची वाट पाहत होते. त्यांनी बेल्ट माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर चढवला, पाठीवर छापलेलं नाव वाचलं. गाडीच्या कंपनीचं नाव. ‘कारखान्यातलाच आहे हा,’ ते म्हणाले. ‘आठ वर्षांचा.’ मग मेकॅनिकने जुना वॉटर पंप पुढे केला. त्याच्या दांड्याखाली हिरवट वाळलेला ओघळ होता. बेअरिंग बोटाने फिरवलं तर किरकिरत होतं, आणि किंचित डुगडुगत होतं.

‘किती चालला असता?’ मी विचारलं.

‘ताई, वीस हजार किलोमीटर चालला असता. नाहीतर मालेगावपर्यंत. कोणी सांगू शकत नाही.’

पप्पांनी पंप दोनदा फिरवून पाहिला आणि काही न बोलता जुन्या बेल्टबरोबर पिशवीत टाकला. मग खिशातून पेन काढलं. मेकॅनिककडून एक स्टिकर मागून घेतला, त्यावर एसटीच्या लॉगशीटवर लिहायचे त्या अक्षरात तारीख, मीटरचा आकडा, बदललेले पार्ट आणि पुढच्या वेळेची तारीख लिहिली. किलोमीटर आणि वर्ष, दोन्ही. मधल्या ‘किंवा’खाली रेघ ओढून स्टिकर बोनेटच्या आत चिकटवला.

मे महिन्यात आम्ही नाशिकला जाऊन आलो. राहूड घाटात समोर दोन कंटेनर रांगत होते, मी दुसऱ्या गिअरमध्ये त्यांच्या मागे मागे. एरवी पप्पा अशा वेळी मागून सूचनांचा भडिमार करतात. आरशात पाहिलं तर ते फायलीवर हात ठेवून झोपलेले. रिपोर्ट चांगले आले.

जुना बेल्ट देवपुरातल्या घरी दारामागच्या खिळ्याला लटकवलाय. मागच्या रविवारी शेजारचे काका सेकंडहँड गाडी घ्यायची म्हणून पप्पांचा सल्ला घ्यायला आले होते. मी आत चहा टाकत होते. बाहेरून पप्पांचा आवाज आला, ‘ते मायलेज-बियलेज राहू दे. बेल्ट शे का चेन, ते पहिलं सांग.’